शंभर वर्षांतला पूर आणि वीस वर्षांचे गृहकर्ज

कोल्हापूर, सांगली, पुणे यांसारख्या नदीकाठच्या शहरांच्या नकाशांवर नदीच्या दोन्ही अंगांना दोन रेषा आखलेल्या असतात. निळी पूररेषा सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणांखालच्या नद्यांसाठी जलसंपदा विभाग आणखीही निकष लावतो, पण घर घेणाऱ्याच्या कानावर पडतात ते हेच दोन आकडे. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, नवे बांधकाम होऊ द्यायचे नसते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळू शकते. त्या पट्ट्यात सदनिका पाहणारे कुटुंब साहजिकच असा विचार करते, की शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर आपल्या हयातीत कशाला येईल, आणि गृहकर्ज तर वीसच वर्षांचे आहे. हा विचार कितपत बरोबर आहे, ते शाळेतल्या गणिताने सांगता येते. दहावीच्या पुस्तकात ‘संभाव्यता’ हे प्रकरण असतेच. मात्र तिथली बहुतेक उदाहरणे एकदाच केलेल्या प्रयोगाची असतात, आणि नदीकाठी तोच प्रयोग दर पावसाळ्यात नव्याने होतो.

आधी त्या शंभर वर्षांचा अर्थ पाहू. जलशास्त्रज्ञ एखाद्या ठिकाणी दर वर्षी नदीतून वाहिलेला सर्वांत मोठा विसर्ग नोंदवतात. अशा चाळीस-पन्नास वर्षांच्या नोंदी हाती असल्या, की त्यांवर एक वक्र बसवून अमुक इतका विसर्ग ओलांडला जाण्याची शक्यता किती, याचा अंदाज काढतात. या कामी भारतात आजही वापरली जाणारी एक पद्धत एमिल गुंबेल या संख्याशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. नाझींना उघड विरोध केल्यामुळे हायडेलबर्ग विद्यापीठातली जागा १९३२ मध्ये गमवावी लागलेला हा माणूस पुढे अमेरिकेत गेला आणि पुराच्या गणिताला त्याने पक्का पाया दिला. या पद्धतीत शंभर वर्षांचा पूर म्हणजे असा पूर, की जो कोणत्याही एका वर्षात येण्याची किंवा ओलांडला जाण्याची संभाव्यता १०० पैकी १, म्हणजे १ टक्का असते. तो आला की पुढची नव्याण्णव वर्षे मोकळीक, असे त्यात कुठेही अभिप्रेत नाही. २५ वर्षांच्या पुराची संभाव्यता याच न्यायाने वर्षाला ४ टक्के होते.

आता प्रश्न असा, की दर वर्षी १ टक्का शक्यता असेल, तर वीस वर्षांत निदान एकदा तरी पूर येण्याची शक्यता किती? सुचणारे पहिले उत्तर म्हणजे वीस वेळा एक, म्हणून २० टक्के. हे उत्तर फारसे दूर नाही, पण ते ज्या रीतीने आले ती रीत चूक आहे आणि आकडे मोठे झाले की ती फसते. बेरीजच करायची तर शंभर वर्षांत पूर येण्याची शक्यता १०० टक्के, म्हणजे खात्रीच, आणि दीडशे वर्षांत १५० टक्के. संभाव्यता एकाहून मोठी कधीच नसते, त्यामुळे बेरजेत काही तरी दोनदा मोजले जाते आहे हे उघड आहे.

नेमके काय दोनदा मोजले जाते, ते दोन फाशांवर स्वच्छ दिसते. कागदावर सहा आडव्या आणि सहा उभ्या रकान्यांचा चौकोन काढा. पहिल्या फाशाचे आकडे डावीकडे वरून खाली, दुसऱ्याचे वरच्या बाजूला आडवे लिहा. एकूण ३६ घरे झाली आणि प्रत्येक घर येण्याची शक्यता सारखीच आहे. पहिल्या फाशावर सहा पडला असे घर शोधायचे तर सर्वांत खालची पूर्ण ओळ रंगवावी लागेल: सहा घरे. दुसऱ्यावर सहा पडला अशी घरे म्हणजे सर्वांत उजवीकडचा पूर्ण स्तंभ: पुन्हा सहा. बेरीज बारा येते, पण रंगवलेली घरे मोजली तर अकराच भरतात, कारण उजव्या खालच्या कोपऱ्यातले घर, जिथे दोन्ही फाशांवर सहा आहे, ओळीतही येते आणि स्तंभातही. म्हणून निदान एक सहा पडण्याची संभाव्यता ३६ पैकी १२ नसून ३६ पैकी ११ आहे. फासे वाढत जातात तशी अशी दोनदा, तीनदा मोजली गेलेली घरे झपाट्याने वाढतात आणि ती एक-एक करून वजा करणे जिकिरीचे होते.

यावरची तोड त्याच चौकोनात दिसते. न रंगवलेली घरे पाहा: ती वरच्या डाव्या बाजूचा पाच बाय पाच असा सलग चौकोन करतात, म्हणजे २५. पहिल्या फाशावर सहा न पडण्याचे पाच प्रकार आहेत, त्यातल्या प्रत्येकाबरोबर दुसऱ्यावर सहा न पडण्याचे पाच, म्हणून पाचा पाचा पंचवीस. ३६ मधून २५ वजा केले की ११ उरतात. ‘निदान एकदा’ हा प्रश्न अवघड आहे, कारण त्यात एकदा, दोनदा, तीनदा अशा सगळ्या शक्यता गुंतलेल्या आहेत. ‘एकदाही नाही’ हा प्रश्न सोपा आहे, कारण तो एकाच प्रकारे घडतो, आणि त्यासाठी नुसता गुणाकार पुरतो. पुन्हा पुन्हा होणाऱ्या स्वतंत्र घटनांच्या हिशेबातली ही सर्वांत उपयोगी युक्ती आहे असे मला वाटते. एका खेपेला घटना न घडण्याची संभाव्यता काढावी, जितक्या खेपा तितक्या वेळा तिला तिनेच गुणावे आणि आलेला गुणाकार एकातून वजा करावा.

पुराला हीच रीत लावू. एका वर्षी पूर न येण्याची संभाव्यता ०.९९. लागोपाठ दोन वर्षे न येण्याची ०.९९ गुणिले ०.९९, म्हणजे ०.९८०१, तीन वर्षे न येण्याची ०.९७०२९९. असे वीस वेळा गुणले की सुमारे ०.८१८ येते, आणि ते एकातून वजा केले की ०.१८२. मोबाइलमधल्या गणकयंत्रावर ०.९९ चा विसावा घात काढला तरी हेच मिळेल. म्हणजे घर अगदी लाल रेषेवर असेल, तर गृहकर्जाच्या वीस वर्षांत निदान एकदा त्याच्या पायरीला पाणी लागण्याची शक्यता १८ टक्के आहे, साधारण साडेपाचात एक. तीस वर्षांसाठी ती २६ टक्के होते आणि पन्नास वर्षांसाठी ३९.५ टक्के. घर जर निळ्या रेषेला लागून असेल, तर वीस वर्षांसाठी ०.९६ चा विसावा घात घ्यावा लागेल. तो येतो सुमारे ०.४४२, म्हणून पाणी लागण्याची शक्यता जवळजवळ ५६ टक्के. निळ्या रेषेलगतच्या घरात कर्ज फिटेपर्यंत पाणी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त आहे, आणि हे ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांवरून सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मधल्या पट्ट्यातली घरे या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे तरी बसतात.

शंभर वर्षांत निदान एकदा शंभर वर्षांचा पूर येण्याची शक्यता काढली, तर उत्तर ६३.४ टक्के येते. याचाच अर्थ, तीनांतल्या एकाहून किंचित जास्त शक्यता अशी, की पूर्ण शतक जाईल आणि तो पूर एकदाही येणार नाही. या ६३ च्या आकड्यामागे एक सुंदर गोष्ट आहे. सहांत एक शक्यतेचा फासा सहा वेळा टाकला तर निदान एक सहा पडण्याची संभाव्यता ६६.५ टक्के; पंचवीसांत एक शक्यतेचा पूर पंचवीस वर्षांत येण्याची ६४; हजारांत एक शक्यतेची घटना हजार खेपांत घडण्याची ६३.२. संख्या कितीही मोठी केली तरी उत्तर ६३.२ च्या खाली जात नाही, कारण ‘एकदाही नाही’ची संभाव्यता एक भागिले २.७१८२८… या सुप्रसिद्ध संख्येकडे सरकत जाते, म्हणजे सुमारे ३६.८ टक्क्यांकडे. चक्रवाढ व्याजात भेटणारी ती संख्या इथेही भेटते. व्यवहारापुरते इतके ध्यानात ठेवले तरी चालेल, की ‘इतक्यांत एक’ अशी घटना तितक्याच खेपा केल्यावर घडलेली असण्याची शक्यता तीनांत दोनाहून थोडी कमी असते.

मग निम्मी शक्यता गाठायला किती खेपा लागतात? इथेच १६५४ मध्ये पॅरिसमध्ये एक कोडे उभे राहिले. शेवालिए द मेरे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, फाशांच्या खेळात रस असलेल्या एका गृहस्थाला ठाऊक होते, की एक फासा चार वेळा टाकला तर निदान एक सहा पडण्यावर पैज लावणे फायद्याचे असते. दोन फाशांवर दोन्ही सहा पडण्याची शक्यता ३६ त एक, म्हणजे एका फाशाच्या एक-षष्ठांश. तेव्हा सहाला चार, तर छत्तीसाला चोवीस, असे त्रैराशिक मांडले तर दोन फासे चोवीस वेळा टाकणेही फायद्याचे ठरायला हवे होते. प्रत्यक्षात ते ठरत नाही. गणितज्ञ ब्लेझ पास्कलने त्या वर्षी जुलैमध्ये पिएर द फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात या कोड्याचा उल्लेख आहे आणि पहिल्या पैजेचे प्रमाण ६७१ ला ६२५ असे दिले आहे. ते आपल्या रीतीने पडताळता येते: सहा न पडण्याची संभाव्यता पाच-षष्ठांश, तिचा चौथा घात १२९६ पैकी ६२५, उरले ६७१, म्हणजे ५१.८ टक्के. दोन फाशांसाठी छत्तीसांश पस्तीसचा चोविसावा घात काढला, तर जिंकण्याची शक्यता ४९.१ टक्केच भरते, आणि पंचविसाव्या खेपेला ती ५०.६ च्या घरात जाते. त्रैराशिक इथे चालत नाही, कारण शक्यता बेरजेने वाढत नाही, ‘नाही’ची शक्यता गुणाकाराने घटते. घटना दुर्मीळ असेल तर एक ढोबळ नियम मात्र चांगला लागू पडतो: जितक्यांत एक, त्याला ०.६९ ने गुणले की निम्म्या शक्यतेच्या खेपा मिळतात. छत्तीसांतल्या एकासाठी जवळजवळ २५, पंचवीस वर्षांच्या पुरासाठी १७ वर्षे आणि शंभर वर्षांच्या पुरासाठी ६९ वर्षे.

निदान एकदा नव्हे, तर नेमके दोनदा, असे विचारले की हिशेबात एक पायरी वाढते. वीस वर्षांत लाल रेषेवरचा पूर नेमका दोनदा यायचा, तर दोन वर्षे पुराची आणि अठरा बिनपुराची हवीत. कोणतीही दोन ठरावीक वर्षे घेतली, समजा तिसरे आणि अकरावे, तर तसे घडण्याची संभाव्यता ०.०१ चा वर्ग गुणिले ०.९९ चा अठरावा घात. पण पुराची वर्षे तिसरे आणि अकरावेच असायला हवीत असे नाही. वीस वर्षांतून दोन वर्षे निवडण्याचे १९० प्रकार आहेत (पहिले वर्ष निवडण्याचे वीस, दुसरे निवडण्याचे एकोणीस, आणि क्रम महत्त्वाचा नसल्याने भागिले दोन). म्हणून १९० ने गुणायचे. उत्तर सुमारे १.६ टक्के. इथे प्रकारांची बेरीज चालते, कारण पूर नेमका तिसऱ्या आणि अकराव्या वर्षी येणे व नेमका चौथ्या आणि नवव्या वर्षी येणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, दोनदा मोजण्याची भीतीच नाही. ही शक्यता थोडी वाटते, पण नदीकाठी अशी हजारो घरे असतात आणि राज्यात अनेक नद्या. एकमेकींपासून दूर असलेल्या, परस्परांशी संबंध नसलेल्या शंभर ठिकाणांचा विचार केला, तर दर वर्षी त्यांपैकी निदान एका ठिकाणी शतकातला पूर येण्याची शक्यता पुन्हा तीच ६३ टक्के. जवळपास दर वर्षी कुठून ना कुठून ‘शंभर वर्षांत असा पूर पाहिला नाही’ अशी बातमी येते, तिच्यात गणिताला धक्का देणारे काहीच नाही.

आतापर्यंतचा सगळा गुणाकार एका गृहीतकावर उभा आहे: एका खेपेच्या निकालाने पुढच्या खेपेची शक्यता बदलत नाही. यालाच स्वतंत्र घटना म्हणतात. माणसे या बाबतीत दोन उलट दिशांनी चुकतात. पहिली चूक म्हणजे घटना खरोखर स्वतंत्र असताना तिच्यात संबंध पाहणे. ऑगस्ट १९१३ मध्ये माँटे कार्लोच्या जुगारगृहात रूलेटच्या चक्रावर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला आणि आता तांबडा येणारच म्हणून लोक पैसे लावत राहिले, गमावत राहिले. लागोपाठ २६ काळे येणे अतिशय दुर्मीळ आहे हे खरे, पण २५ काळे येऊन गेल्यावर सव्विसावा काळा येणे मुळीच दुर्मीळ नाही. ती शक्यता पहिल्या खेपेइतकीच असते. पुराच्या बाबतीत हीच चूक दोन वाक्यांतून ऐकू येते. ‘एवढा मोठा पूर नुकताच येऊन गेला, आता काळजी नाही’ हे एक, आणि ‘साठ वर्षांत आला नाही, आता येणारच’ हे दुसरे. वर्षे स्वतंत्र मानली तर दोन्ही वाक्ये निराधार आहेत.

दुसरी चूक अधिक घातक आहे: संबंध असताना तो नाही असे धरून गुणाकार करणे. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या महिलेची दोन तान्ही मुले १९९६ आणि १९९८ मध्ये दगावली आणि तिच्यावर खुनाचा खटला चालला. तिच्यासारख्या कुटुंबात बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचे प्रमाण ८,५४३ त एक आहे, तेव्हा दोन मृत्यूंसाठी त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक, असे एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितले. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली. पण दोन्ही मुले एकाच आईबापांची, एकाच घरातली होती. अशा मृत्यूमागे आनुवंशिक किंवा परिस्थितीजन्य कारण असेल तर ते दोघांनाही लागू होते, आणि मग एका मृत्यूनंतर दुसऱ्याची शक्यता वाढते. शिवाय एखादी घटना आपोआप घडणे दुर्मीळ आहे एवढ्यावरून ती कोणी तरी घडवली असे सिद्ध होत नाही. एका आईने आपल्या दोन मुलांचा खून करणेही अतिशय विरळ, आणि तुलना या दोन विरळ गोष्टींची व्हायला हवी. इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकड्याला जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्यामागे मुख्य कारण उघड न केलेल्या वैद्यकीय तपासणीचे होते, तरी न्यायालयाने या आकड्यावरही टीका केली. चार वर्षांनी ती स्त्री वारली. एका चुकीच्या वर्गाने एवढे नुकसान करण्यात हातभार लावावा, हे मला या विषयातले सर्वांत क्लेशदायक उदाहरण वाटते.

पुराकडे परत येताना हा धडा सोबत घ्यावा लागतो. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. समजा, एखाद्या ठिकाणी या तिन्ही पुरांनी शंभर वर्षांची पातळी ओलांडली असे धरले, तर सतरा वर्षांत निदान तीनदा असे घडण्याची संभाव्यता, वर्षे स्वतंत्र आणि दर वर्षी एकच टक्का मानून, सुमारे सोळाशेंत एक येते. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये, कारण सतरा वर्षांची ही खिडकी आपण पूर येऊन गेल्यावर, तिन्ही आत बसतील अशी निवडलेली आहे. तरीही इतके लहान उत्तर आले, की गृहीतके पुन्हा तपासणे भाग पडते. १ टक्का हा आकडा कदाचित जुन्या, अपुऱ्या नोंदींवर बेतलेला असेल. पाऊस पडण्याची रीत बदलली असेल. भराव, पूल आणि पात्रातली बांधकामे यांमुळे तेवढ्याच विसर्गाला पाणी आता जास्त उंच चढत असेल. यांपैकी कोणते कारण किती, हे संभाव्यता सांगू शकत नाही. त्यासाठी नदीची मोजणीच करावी लागते.

या टप्प्यावर एक बारीक फरक लक्षात घ्यावा, कारण तो फार वेळा निसटतो. घटना स्वतंत्र असणे आणि तिची शक्यता दर खेपेला सारखी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुणाकाराला स्वातंत्र्य लागते, सारखेपणा लागत नाही. वर्षागणिक शक्यता बदलत असेल, तर ०.९९ चा घात न घेता त्या त्या वर्षाचा आकडा घेऊन गुणत जायचे, इतकेच. समजा, लाल रेषेवरच्या घरासाठी पहिली दहा वर्षे १ टक्का धोका आहे आणि पुढची दहा वर्षे तो २ टक्के होणार आहे. पहिल्या दशकात पूर न येण्याची संभाव्यता ०.९०४, दुसऱ्यात ०.८१७, गुणाकार ०.७३९. म्हणजे कर्जाच्या वीस वर्षांत पाणी येण्याची शक्यता १८ नव्हे, तर २६ टक्के, आणि पहिल्या वर्षापासूनच धोका २ टक्के असेल तर ३३. लाल रेषा ज्या नोंदींवरून आखली त्या कोणत्या सालापर्यंतच्या आहेत, हे घर घेताना विचारावे ते यासाठी.